जहाजावर लागलं आणि कंपनी फिरवतेय? डिसॅबिलिटीच्या क्लेमचं सगळं पहिल्यापासून

‘फिट फॉर लाइट ड्युटी’. मुंबईत कंपनीच्या डॉक्टरनं माझ्या कागदावर हे चार शब्द लिहिले तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं चला, सुधारतोय हात. मी शिप फिटर होतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आणि वेल्डिंगवर हात बसवला आणि मग जहाजावर गेलो, आपल्याकडची बरीच पोरं जातात तसाच. इंजिन रूममध्ये पंपाचं कपलिंग उचलताना चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) सरकला आणि उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट खाली सापडलं. बोटं वाचली पण टेंडन गेले. आजही चोवीस नंबरचा पाना धरला की ती दोन बोटं पान्यावर नुसती टेकतात, आवळत नाहीत. आता तुम्हीच सांगा, जहाजावर फिटरला लाइट ड्युटी कुठली असते, आठ तास चहा वाटत बसायचं काय? पण त्या चार शब्दांवर कंपनीनं मला सव्वा वर्ष फिरवलं.

त्यानंतर गडहिंग्लज, कागल, आजरा, इकडं शाहूवाडी, अशी कुठली कुठली पोरं कागदाची पिशवी घेऊन माझ्याकडं येत राहिली. मी वकील नाही. पण दहा-बारा फायली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितल्यात आणि प्रत्येक फाइलमध्ये गाडी एकाच जागी अडकलेली दिसली, कंपनी अपंगत्वाच्या टक्क्यावर बोलत असते आणि आपला माणूस पण त्याच टक्क्याच्या मागं लागतो. वीस टक्के का पंचवीस टक्के, यात वर्ष जातंय. खरा प्रश्न वेगळाच असतो, हा माणूस त्याच्या कामावर परत समुद्रात जाऊ शकतो का नाही. त्याचं उत्तर डॉक्टरच्या सहीनं कागदावर आलं की आकडाच बदलतो. कसा बदलतो ते पुढं हिशोब करून दाखवतो, आधी क्रमानं जाऊ.

जहाजावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत

लागलं की पहिलं काम उपचार, त्यात वाद नाही. पण शुद्धीत असाल, हात चालत असेल, नाहीतर केबिनमधल्या दोस्ताला सांगून एवढं करून घ्या. दुखापत ज्या जागी झाली त्या जागेचे फोटो, तुटलेला शॅकल, सरकलेला चेन ब्लॉक, तेल सांडलेली प्लेट, जे असेल ते, साफसफाई व्हायच्या आधी. त्या दिवशी कोण कोण बरोबर होतं त्यांची नावं आणि व्हॉट्सॲप नंबर, कारण तीन महिन्यांनी तो ऑइलर दुसऱ्या जहाजावर असणार आणि कंपनी काय तुम्हाला त्याचा नंबर देणार नाही. कॅप्टनला लेखी कळवा, मग साधा ईमेल असला तरी चालेल आणि त्याची कॉपी स्वतःला पाठवून ठेवा. मेडिकल लॉगमध्ये एंट्री झाली का बघा. आणि पाठदुखी, कंबरेतनं कळ, कानात शिट्टी वाजल्यासारखं, असलं काही असलं तरी एंट्री करायला लावा. पोरं लाजतात, चीफ इंजिनिअर काय म्हणेल, पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही असं वाटतं, गोळी खाऊन दिवस ढकलतात आणि साइन ऑफ झाल्यावर (म्हणजे काम संपून जहाजावरनं उतरल्यावर) गावात एमआरआय काढला की डिस्क सरकलेली निघते. मग कंपनी म्हणते, हे तुला घरी झालंय. गडहिंग्लजच्या एका पोराचं अगदी हेच झालं, चार महिने कंबर धरून काम केलं आणि लॉगमध्ये एक ओळ नाही.

माझी चूक ॲक्सिडेंट रिपोर्टवर झाली. सेकंड इंजिनिअर सिक बेमध्ये, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्यात, फॉर्म घेऊन आला, कारणाच्या रकान्यात आधीच टाइप केलेलं होतं, ‘ड्यू टु ओन इनअटेन्शन’, म्हणजे स्वतःच्या बेसावधपणामुळं. उजव्या हाताला हे एवढं बँडेज, मी डाव्या हातानं कशीतरी सही ओढली, वाचलं पण होतं, पण त्या वेळी दुखण्यापुढं कशाचं काय. चेन ब्लॉकची टेस्टची तारीख उलटून गेली होती याचा त्या फॉर्मवर उल्लेख नव्हता. असला फॉर्म समोर आला तर दोनच गोष्टी करा. पटत नसेल तर सही करू नका, आणि करायलाच लागली तर सहीच्या वरती हातानं लिहा की मजकूर मला मान्य नाही, माझं म्हणणं वेगळं देतोय. मराठीत लिहिलं तरी चालतंय, पण लिहा.

आणि एक फोटो असा आहे जो कुणीच काढत नाही. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे आपण एमएलसी म्हणतो तो खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, २०१३ पासून लागू आहे आणि भारतानं २०१५ मध्ये ते मान्य केलं. त्यातल्या २०१४ च्या दुरुस्त्या १८ जानेवारी २०१७ पासून लागू झाल्या आणि तेव्हापासून जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी एक सर्टिफिकेट लावावं लागतं, की खलाशाच्या मृत्यूचे किंवा कायमच्या अपंगत्वाचे कराराप्रमाणे होणारे पैसे द्यायला या विमेवाल्याची हमी आहे. बहुतेक वेळा हा विमेवाला म्हणजे पी अँड आय क्लब असतो, जहाजमालकांनी मिळून चालवलेला विम्याचा संघ. त्या सर्टिफिकेटवर जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, क्लबचा पत्ता आणि मदत मागायची तर संपर्क कुणाशी करायचा हे सगळं छापलेलं असतं. मेस रूमबाहेर, नोटीस बोर्डावर असतं. साइन ऑन केल्या दिवशीच, म्हणजे जहाजावर रुजू झाल्या दिवशीच, त्याचा फोटो काढून घरी पाठवा, लागायची वाट बघू नका.

घरी आल्यावर आधी करार काढा

पोरं आली की पहिल्यांदा मी विचारतो करार कुठाय, आणि निम्म्यांकडं नसतो. एजंटच्या ऑफिसात सही केली, कॉपी मागितलीच नाही. एमएलसीप्रमाणं सही झालेल्या कराराची प्रत खलाशाकडं असायलाच पाहिजे, हा तुमचा हक्क आहे, आज नसेल तर आजच ईमेल करून मागा.

करार हातात आला की तीन गोष्टी शोधा. जहाजाचा झेंडा कुठला, म्हणजे ते कुठल्या देशात नोंदलंय, भारताचा का पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स असा परदेशी. मालक कोण, कारण मुंबईतलं ऑफिस बहुतेक वेळा फक्त मॅनिंग एजंट (जहाजावर माणसं भरणारा) असतं आणि खरा एम्प्लॉयर दुसराच असतो. आणि कराराला कुठला सीबीए जोडलाय, म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातला सामूहिक करार. भारतीय झेंड्यावर साधारण नॅशनल मेरिटाइम बोर्डाचा असतो, परदेशी झेंड्यावर नुसीचा (खलाशांची युनियन) किंवा एमयूआयचा (ऑफिसरांची युनियन), बऱ्याच जहाजांवर आयटीएफनं (वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) मान्य केलेला. अपंगत्वाच्या पैशाचा तक्ता त्या सीबीएमध्ये असतो, किती टक्क्याला किती डॉलर, रेटिंगला, म्हणजे ऑफिसर नसलेल्या खलाशाला, वेगळा रकाना, ऑफिसरला वेगळा.

आता त्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा, कारण खरं कलम तिथं असतं. आयटीएफच्या करारांमध्ये लिहिलेलं असतं की ५० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर माणूस समुद्रावरच्या कामाला कायमचा अनफिट धरायचा आणि पूर्ण १०० टक्के पैसे द्यायचे. आणि त्याच्याच खाली, ५० टक्क्यांपेक्षा कमी असलं तरी डॉक्टरनं कुठल्याही पदावर समुद्रात जायला कायमचा अनफिट असं सर्टिफिकेट दिलं तर तरीसुद्धा पूर्ण १०० टक्के. ही दुसरी ओळ कंपनीचा माणूस तुम्हाला कधीच वाचून दाखवणार नाही. माझ्या दोन बोटांचे तक्त्यात कितीसे टक्के, पण फिटर म्हणून काय आणि वायपर (इंजिन रूममधला सगळ्यात खालचा हुद्दा) म्हणून काय, मला जहाजावर घेणारा डॉक्टर नव्हता, आणि मी सहा महिने त्या टक्क्यावरच भांडत बसलो.

इथं फिलिपिनो दोस्तांचं एक सांगायला पाहिजे, कारण मिक्स क्रूमध्ये आपली पोरं त्यांच्याकडनं ऐकून येतात. त्यांच्याकडं सरकारनं ठरवलेला स्टँडर्ड करार आहे, त्यात घरी पोचल्यावर कामाच्या तीन दिवसांच्या आत कंपनीच्या डॉक्टरला दाखवायचं, मग त्या डॉक्टरनं १२० दिवसांत निकाल द्यायचा, उपचार चालू असले तर २४० पर्यंत, दोन डॉक्टरांचं जमलं नाही तर तिसरा डॉक्टर. त्यावर तिथल्या सुप्रीम कोर्टाचे ढीगभर निकाल आहेत. पण ते त्यांच्या करारातलं आहे. तुमच्या करारात १२० दिवस लिहिलेले नसतील तर ‘१२१ वा दिवस उजाडला, आता मला पूर्ण पैसे’ असं म्हणून चालणार नाही. एक सवय मात्र त्यांची घ्या, तीन दिवसांत दाखवायची. विमानातनं उतरल्यावर आधी नवस फेडायला ज्योतिबाला जाऊन आलो, मग लग्न होतं, मग डॉक्टर, असं झालं की मधल्या काळात काय झालं याचा हिशोब कंपनी मागते.

पगार आणि दवाखाना

हे थोडक्यात सांगतो. जहाजावर असेपर्यंत आणि घरी पोचेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर कराराप्रमाणे सिक वेजेस, म्हणजे आजारपणातला पगार. एमएलसीनं कंपनीला ही जबाबदारी मर्यादित करायची मुभा दिलीय, पण ती दुखापतीच्या दिवसापासून १६ आठवड्यांपेक्षा कमी करता येत नाही. उपचाराच्या खर्चाचं पण तसंच. तेव्हा ‘साइन ऑफ झालं, पगार बंद’ असं कुणी फोनवर म्हणालं तर तेच ईमेलवर लिहून मागा, बहुतेक जण लिहीत नाहीत. बिलं स्वतःच्या खिशातनं भरली असली तर प्रत्येक मूळ बिल, गोळ्यांची पावतीसुद्धा.

डॉक्टर, आणि खरी लढाई इथं आहे

कंपनीच्या डॉक्टरकडं जायला नकार देऊ नका. राग येतो, मला पण आला होता, पण फुकट तपासणीला बोलावलं आणि तुम्ही गेला नाही तर क्लेम लटकतो, १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातही तसंच आहे. जा, प्रत्येक वेळी केसपेपरची कॉपी मागा, नाही दिली तर मोबाइलवर फोटो काढा, आणि बाहेर आल्यावर डायरीत लिहा काय तपासलं, किती मिनिटं तपासलं.

पण फक्त त्याच्यावर थांबू नका. त्याच आठवड्यात स्वतःच्या डॉक्टरला दाखवा. हात-पाय-मणका असेल तर ऑर्थोपेडिक सर्जन, आणि त्यांना नुसतं ‘सर, टक्केवारी लिहून द्या’ म्हणू नका. इथंच सगळे चुकतात. डॉक्टरांपुढं तुमचं काम मांडा. मी काय केलं, एका कागदावर फिटरचं दिवसभराचं काम लिहून नेलं, किती किलोचं व्हॉल्व्ह उचलायचं, इंजिन रूममध्ये किती शिड्या चढायच्या, जहाज हलत असताना एका हातानं रेलिंग धरून दुसऱ्या हातानं पाना चालवायचा, आग लागली तर होज धरायची, लाइफबोटीत उतरायचं. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. ते म्हणाले, हे मला माहीतच नव्हतं, मला वाटलं वर्कशॉपसारखं असेल. मग त्यांनी लिहिलं की या हाताची पकड कायमची कमी झालीय, आणि वर सांगितलेलं जहाजावरचं काम हा माणूस सुरक्षितपणे करू शकणार नाही, सुधारणेची शक्यता नाही. माझ्या फाइलमधलं सगळ्यात वजनदार पान तेच ठरलं.

आता दुसरी पायरी, ती तर अजूनच कमी लोक करतात. जहाजावर जायला फिट का अनफिट हे सांगायचा अधिकार डीजी शिपिंगनं (जहाज वाहतुकीचं केंद्र सरकारचं खातं) मान्यता दिलेल्या डॉक्टरांना असतो, तेच जे साइन ऑनच्या आधी मेडिकल करतात. त्यांची यादी डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर असते. कंपनीनं न पाठवलेल्या अशा एका डॉक्टरकडं स्वतःच्या पैशानं जा, सगळे रिपोर्ट दाखवा आणि सी सर्व्हिससाठी तपासणी करून घ्या. अनफिट आला तर तो कागद कंपनीच्या ‘लाइट ड्युटी’च्या शेजारी ठेवायचा. सरळ विचारायचं, तुम्ही म्हणता मी बरा आहे, मग मला साइन ऑन करा, देता का जॉइनिंग? मी हा ईमेल पाठवला त्याला उत्तर आलं नाही, आणि उत्तर न येणं हाच माझा पुरावा झाला.

कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्यात मिळणारं अपंगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), ते पण काढा, एसटीची सवलत, सरकारी योजना याला उपयोगी पडतं. पण ते २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं आहे, त्याचं मोजमाप पूर्ण शरीराच्या हिशोबानं होतं. कागलच्या एका भावानं ते कार्ड घेतलं, त्यावर आकडा छोटा आला, आणि उत्साहानं तेच कंपनीला पाठवून दिलं. कंपनीनं लगेच तोच आकडा धरला. ते कार्ड क्लेमच्या फाइलमध्ये स्वतःहून घालू नका.

दोन डॉक्टरांचं जुळलं नाही तर सीबीएमध्ये तिसऱ्या डॉक्टरचं कलम आहे का बघा. आयटीएफच्या करारात असतं, मालक आणि युनियन मिळून तिसरा डॉक्टर ठरवतात आणि त्याचा निकाल दोघांवर बंधनकारक. बंधनकारक म्हणजे उलटा गेला तरी तोच, तेव्हा त्या डॉक्टरपुढं जाताना फाइल पूर्ण पाहिजे, कामाच्या वर्णनाचा कागद तर पाहिजेच पाहिजे.

कंपनी कुठल्या कारणानं नाही म्हणते

तीन कारणं नेहमीची. एक, तुझ्या चुकीनं झालं. यावर घाबरू नका, कराराखालचा क्लेम असो नाहीतर भरपाईच्या कायद्याखालचा, साध्या हलगर्जीनं हक्क जात नाही. दारू पिऊन, किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून, गार्ड मुद्दाम काढून झालं असं त्यांना दाखवावं लागतं, आणि १९२३ च्या कायद्यात तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर तेवढं दाखवूनही सुटका नाही. दोन, हे दुखणं आधीपासूनचं होतं आणि मेडिकलमध्ये लपवलं. हे कारण खरं निघालं तर जड जातं, म्हणून मेडिकलच्या फॉर्मवर जुनं ऑपरेशन, शुगर, बीपी खरं लिहायचं, एजंट ‘नो, नो लिहून टाक’ म्हणाला तरी. तीन, कामाशी संबंध नाही. याचं उत्तर लॉगमधली एंट्री आणि साक्षीदार, म्हणून वर एवढं घोकून सांगितलं.

पैशाची मागणी कशी करायची

आधी कंपनीला आणि मालकाला एकच पत्र, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही. नाव, इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी नंबर), सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) नंबर, जहाज, साइन ऑन-ऑफच्या तारखा, अपघाताची तारीख, कराराचं कलम, डॉक्टरांचे कागद आणि मागायची रक्कम. रागानं लिहू नका, शिव्या देऊ नका, ते पत्र उद्या जज वाचणार आहेत. कॉपी युनियनला आणि त्या सर्टिफिकेटवरच्या क्लबला. क्लबकडं खलाशाला किंवा त्याच्या घरच्यांना थेट क्लेम करता येतो, हे एमएलसीमध्येच आहे. तिथंच अजून दोन गोष्टी आहेत ज्या पत्रात लिहायच्या, कराराच्या रकमेपेक्षा कमी घे म्हणून दबाव आणता येत नाही, आणि अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर तोवर हाल होऊ नयेत म्हणून अंतरिम पैसे द्यायचे असतात. मी अंतरिम पैसे मागितले आणि मिळाले, पूर्ण नाही पण घराचा हप्ता निघाला. मागितले नसते तर कुणी आणून दिले नसते.

मॅनिंग एजंट लायसन्सवाला असेल, म्हणजे आरपीएसएल असेल, तर डीजी शिपिंगकडं त्याच्याविरुद्ध तक्रार करता येते आणि लायसन्सला धक्का लागायची भीती त्यांना खरोखर असते. नंबर खरा का खोटा हे डीजीच्या साइटवर बघता येतं. लायसन्स नसलेल्या माणसाला लाख-दोन लाख देऊन गेलेल्या पोरांचं मात्र फार अवघड होतं, लागल्यावर तो फोनच उचलत नाही. तिथं मग जहाजाचा मालक, क्लब, झेंड्याचा देश आणि आयटीएफ एवढीच दारं उरतात.

सेटलमेंटचा कागद

मला मुंबईला बोलावलं. एसी ऑफिस, चहा, बिस्किटं, साहेब फार गोड बोलले. समोर तीन पानं, जिथं सही करायची तिथं पेन्सिलनं बारीक फुल्या मारून ठेवलेल्या. चेकही तिथंच, उलटा ठेवलेला. थोरले बंधू बरोबर होते, ते साखर कारखान्यात क्लार्क होते, कागद वाचायची सवय. त्यांनी दुसरं पान वाचलं आणि माझ्या हातातनं पेन काढून घेतलं. ‘फुल अँड फायनल’, कुठल्याही कोर्टात, कुठल्याही देशात, कुठलाही दावा करणार नाही. रक्कम कराराच्या चौथ्या हिश्श्याएवढी.

एमएलसीनं पावतीचा एक नमुना दिलेला आहे. त्यात असं असतं की कराराप्रमाणे देणं लागणारी रक्कम मिळाली, आणि कंपनीच्या निष्काळजीपणाबद्दल किंवा इतर कायद्यानं माझा काही हक्क असेल तर तो शाबूत आहे. तुमच्यापुढचा कागद त्या नमुन्याशी ताडून बघा. ‘तोच नमुना वापरा’ एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि घरी आणून वाचतो म्हणा. ‘आजच सही केली तर चेक, नाहीतर फाइल बंद’ असं सगळ्यांना म्हणतात. मला म्हणाले होते, आणि पाच महिन्यांनी त्याच टेबलावर दुसरा चेक होता, तिपटीपेक्षा मोठा.

कोर्ट, आणि तो हिशोब

भारतीय झेंड्याचं जहाज असेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा सरळ लागतो, खलाशी त्यात धरलेलेच आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, तेव्हा अपघाताची तारीख त्याच्या आधीची का नंतरची हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. परदेशी झेंडा असेल तर कंपनी हरकत घेते, कारण परदेशात काम करणाऱ्यांच्या व्याख्येत जहाज भारतात नोंदलेलं पाहिजे असे शब्द आहेत. तिथं कराराखालचा क्लेम हाच मुख्य रस्ता.

हिशोब बघा. जुन्या कायद्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा आकडा. पगार त्याहून कितीही जास्त असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशोबाला १५,००० च धरतात. वय ३० असेल तर वयाचा आकडा २०७.९८. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, झाले १८,७१,८२० रुपये. आता त्याच कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के आहेत, म्हणजे ३,७४,३६४. माणूस तोच, हात तोच, फरक पंधरा लाखांचा. आणि फरक कशावर, तो आपल्या कामाला उपयोगी राहिला का नाही यावर. सुप्रीम कोर्टानं १९७५ सालीच एका सुताराच्या केसमध्ये सांगितलंय, डावा हात कापावा लागला होता, कोर्ट म्हणालं एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के. दोन बोटांवर १०० टक्के मिळतीलच असं मी म्हणत नाही, कंपनी परिशिष्टच पुढं करते. पण डॉक्टरांच्या कागदावर ‘लॉस ऑफ अर्निंग कपॅसिटी’ (कमावण्याची क्षमता जाणं) हे शब्द, तुमच्या कामाच्या नावासकट, नसतील तर वकिलाला भांडायला काहीच उरत नाही.

वेळेत पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण नसताना उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. हक्क सोडून दिल्याचा करार या कायद्यापुढं टिकत नाही, आणि सेटलमेंट झाली तर ती भरपाई आयुक्तांकडं नोंदवावी लागते. मुदत अपघातापासून दोन वर्षांची. दोन वर्षं म्हणजे खूप वाटतात, कंपनी त्यातली दीड वर्ष ‘फाइल लंडनला गेलीय’ म्हणून घालवते. बोलणी चालू असली तरी मुदत थांबत नाही, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अर्ज कुठं करायचा, तर जहाजाचा मालक किंवा एजंट जिथं धंदा करतो तिथं करता येतो, म्हणजे बहुतेक मुंबई, आणि तुम्ही राहता तिथंही कायद्यानं करता येतो, त्यामुळं कोल्हापुरातल्या वकिलाला आधी विचारा. अपील हायकोर्टात जातं, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, सहा जिल्ह्यांसाठी. मोडक्या हातानं रात्रभर प्रवास करून तारखेला जायचं आणि ‘पुढची तारीख’ ऐकून परत यायचं, हे ज्यानं केलंय त्याला याची किंमत कळेल.

जहाज भारतातल्या बंदरात येणार असेल तर २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यानं ते हायकोर्टातनं अटक करता येतं. शरीराला झालेल्या इजेचा क्लेम त्यात बसतो, पण त्या क्लेमपोटी जहाजावर बसणारा विशेष बोजा (मेरिटाइम लियन) एका वर्षात संपतो, आणि खर्चही बराच, मुंबईतला शिपिंगचा वकील लागतो. मोठी रक्कम आणि पळपुटा मालक असेल तरच हा रस्ता.

वकिलाचं एक. जेवढे मिळतील त्यातले इतके टक्के माझे, असं ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमानं मनाई आहे, तसं कुणी म्हणालं तर उठून या. पैसे नसतील तर कसबा बावड्याच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, दिव्यांग व्यक्तीला तिथं फुकट वकील मिळतो. आणि वकिलाच्या आधी युनियन. मेंबर असाल, वर्गणी पगारातनं कापली जात असेल, तर नुसीचं नाहीतर एमयूआयचं ऑफिस मुंबईत आहे, तिथं स्वतः जाऊन बसा, फोनवर काम होत नाही. माझी पहिली हालचाल युनियनच्या एका पत्रानंच झाली होती.

जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघा, सकाळी मुंबईत. फाइलचे तीन सेट, एक द्यायला, एक हातात, एक घरी. कुठंही काही दिलं की कॉपीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. मूळ सीडीसी, मूळ एक्स-रे, मूळ करार कुणाकडंही ठेवून यायचा नाही. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा, कुरिअरनं पाठवतो’ असं म्हणाले तर पिशवी परत काखेला लावायची, जवळच राहायचं आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसायचं.